भांडण लहान असतानाच बोला, पण अन्यायाची मिटवामिटवी नको



आरोग्याच्या या पानावर एरवी आपण रक्तदाब, साखर, अंगावरून जाणं, लहान मुलांच्या लसी यांवर बोलतो. या वेळी अशा दुखण्यावर लिहीत आहोत, ज्याचं मूळ कामाच्या जागी असतं आणि त्रास मात्र शरीराला होतो.

मीरा-भाईंदरमधली आपली माणसं कामाला कुठे जातात ते पाहा. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या आणि इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यांत. मीरा रोडच्या टॉवरमध्ये घरकामाला. खाजगी दवाखान्यांत आया, वॉर्डबॉय, हाऊसकीपिंग म्हणून. सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून. साफसफाईच्या कामात ठेकेदाराच्या हाताखाली. दिवसाचे आठ-दहा, कधी बारा तास तिथेच जातात. त्या जागी रोज टोमणे, रोज अपमान, रोज धाक असेल तर घरी आलेलं माणूस नुसतं दमलेलं नसतं, ते आतून पोखरलेलं असतं.

शरीर आधी सांगतं

विहारात वंदनेनंतर आम्ही रक्तदाब तपासायला बसतो, तेव्हा अनेक भगिनी एकच गाऱ्हाणं सांगतात. "ताई, झोप लागत नाही. छातीत धडधडतं. सकाळी कामाला निघताना पोटात गोळा येतो." सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, असं विचारलं की थोडा वेळ गप्प बसतात. मग हळूच म्हणतात, "हो, रविवारी नाही होत."

हा "रविवारी नाही होत" फार महत्त्वाचा आहे. माणसाला धोका वाटला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. धोका टळला की शरीर पुन्हा शांत होतं. पण सुपरवायझरचा आवाज रोजच कानावर पडणार असेल, तर शांत व्हायला सवडच मिळत नाही. मग डोकेदुखी, आम्लपित्त, मानपाठ आखडणं, पाळी मागेपुढे होणं, भूक मरणं किंवा नको इतकं खाणं सुरू होतं. ज्यांना आधीच रक्तदाब किंवा साखर आहे, त्यांची औषधं चालू असूनही आकडे आटोक्यात राहत नाहीत. पुरुष बहुधा बोलत नाहीत. त्यांची तंबाखू वाढते, दारू वाढते, आणि कामावरचा राग घरात बायकोमुलांवर निघतो.

म्हणून डॉक्टरांना दुखणं सांगताना कामावरचा त्रासही सांगा. छातीत कळ, डाव्या हाताकडे जाणारं दुखणं, चक्कर, दम लागणं अशी लक्षणं असतील तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, तपासून घ्या. मात्र तपासण्या ठीक निघाल्या, तरी फक्त आम्लपित्ताची गोळी घेऊन हा आजार जाणार नाही. त्याचं औषध बोलण्यात आहे, आणि तेही वेळेवर.

कोसंबीचं भांडं, रोहिणीचं पाणी

लहान गोष्ट केवढी होते हे आपल्या धम्माच्या इतिहासातच आहे. कोसंबीच्या विहारात एका भिक्खूने शौचालयातल्या भांड्यात थोडं पाणी तसंच ठेवलं. दुसऱ्याने त्याला दोष दिला. तो त्याच्या शिष्यांपर्यंत गेला, शिष्यांनी बाजू घेतल्या आणि अख्ख्या संघात फूट पडली. तथागतांनी समजावलं तरी त्यांनी ऐकलं नाही. शेवटी तथागत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. मग गावातल्या उपासकांनी त्या भिक्खूंना मान देणं आणि भिक्षा घालणं बंद केलं, तेव्हा कुठे दोन्ही गट भानावर आले.

दुसरी गोष्ट रोहिणी नदीच्या पाण्याची. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती दिली आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या सभेत युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि एक तोडगा मांडला: आपल्यातले दोन निवडू, कोलीयांनी त्यांचे दोन निवडावेत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद सोडवावा. सभेने तो मानला नाही, आणि सिद्धार्थाला घर सोडावं लागलं. पण मध्यस्थी कशी असावी याचा उत्तम नमुना त्या तोडग्यात आहे. दोन्ही बाजूंची माणसं सारख्या संख्येने, पाचवा दोघांच्या संमतीचा, आणि दोष कुणाचा हे आधी ठरवून मोकळं व्हायचं नाही.

आधी ओळखा: हे भांडण आहे की छळ?

सगळा घोळ इथेच होतो. वस्तीत कुणी सांगितलं की "कामावर त्रास आहे", की शेजारी म्हणतात, "जाऊ दे, मिटवून टाक." कधी ते बरोबर असतं, तर कधी तोच मोठा अन्याय ठरतो. ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारा.

१. दोघांची ताकद बरोबरीची आहे का? की एकाच्या हातात दुसऱ्याची हजेरी, पगार, नोकरी आहे?

२. अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, जातीवरून बोलणं, मारहाण किंवा धमकी यांतलं काही आहे का?

३. ज्याला त्रास झाला त्याला स्वतःला बोलणी हवी आहेत का? की दुसरेच त्याला बसवत आहेत?

ताकद बरोबरीची आहे, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आहे आणि दोघं तयार आहेत, तर तो वाद आहे. मध्यस्थी करा, लवकर करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर तो छळ आहे. तिथे वस्तीतल्या बैठकीचं काम नाही, तिथे कायद्याची वाट आहे. आणि ताकद बरोबरीची नसेल, म्हणजे पगार, ओव्हरटाइम, सुट्टी यांवरून मालकाशी वाद असेल, तर एकट्याने जाऊ नका. सोबतचे कामगार, युनियन, नाहीतर ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय यांच्यामार्फत जा. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती असावी, असं कायदा सांगतो. आपल्या कामावर ती आहे का, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

मध्यस्थी कशी करावी

आमच्यासमोर आलेलं एक प्रकरण सांगतो. भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला दोघी होत्या, एक जुनी, एक नवी. डझनावर मजुरी. नोंद जुनी बाई करायची. नवीला वाटायचं, आपले डझन कमी लिहिले जातात. तिने विचारलं नाही, पण दुसऱ्या बायकांत बोलली. जुनीच्या कानावर "चोरटी" हा शब्द गेला. दोघी एकाच वस्तीतल्या. आठवडाभरात नळावर भांडण, मग नवरे मध्ये, मग विहारात एकमेकींकडे पाठ. नवीची झोप गेली, जुनीचा रक्तदाब वाढला.

आम्ही आधी दोघींना वेगवेगळं ऐकलं. मग एका संध्याकाळी, कामावर नाही आणि कुणाच्या घरीही नाही, विहाराच्या ओट्यावर बसवलं. नवऱ्यांना बाहेर ठेवलं. नियम एकच: एक बोलेल तेव्हा दुसरी ऐकेल. नवी म्हणाली, "मावशी, मला हिशेब कळत नव्हता आणि विचारायची भीती वाटायची." मावशी म्हणाली, "चोरटी म्हणण्याआधी मला एकदा विचारायचं होतंस गं." अर्ध्या तासात कळलं की अडचण मोजणीच्या पद्धतीत होती. ठरलं असं: खोकं बंद करताना दोघींसमोर मोजायचं, वहीत लिहायचं, दोघींनी सही करायची. आणि ज्या बायकांसमोर "चोरटी" म्हटलं होतं, त्यांच्यासमोरच नवीने तो शब्द मागे घ्यायचा. महिन्याने आम्ही पुन्हा विचारपूस केली. वही चालू होती.

यातून शिकण्यासारख्या गोष्टी या:

१. पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच बोला. दिवस गेले की वादात नवे लोक आणि जुनी उणीदुणी शिरतात.

२. मध्यस्थ दोघांना मान्य हवा. एकाचा नातेवाईक नको, मालकाचे उपकार असलेला पुढारी नको.

३. आधी वेगवेगळं ऐका, मग एकत्र बसवा.

४. "तू अशीच आहेस" असं नाही, "अमुक दिवशी अमुक झालं, त्याने मला असं वाटलं" असं बोलायला सांगा.

५. ठरलेलं लिहून काढा. कोण, काय, कधीपासून. दोघांच्या सह्या, दोघांना एकेक प्रत.

६. ऐकलेलं बाहेर बोलू नका. मध्यस्थाचं तोंड सैल असेल तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

७. महिन्याभराने विचारा. ठरलेलं पाळलं जात नसेल तर पुढची वाट मोकळी ठेवा.

सक्तीच्या समेटाला बाबासाहेबांचा विरोध

कुणी म्हणेल, मग सगळंच बोलून मिटवावं. तसं नाही. १९३८ साली मुंबई प्रांतात औद्योगिक कलह विधेयक आलं. आधी समेटाची प्रक्रिया पूर्ण करा, तोवर संप केलात तर शिक्षा, असा त्याचा गाभा होता. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, ही त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि इतर कामगार संघटनांनी मुंबईत एक दिवसाचा संप केला.

हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. तेव्हा सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर आणणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांनी चालवल्या. म्हणजे बोलण्याला त्यांचा विरोध नव्हता. दुबळ्याचे हात बांधून त्याला समेटाला बसवण्याला विरोध होता. आपणही हीच कसोटी लावायची. समेट मनापासून हवा. भीतीने केलेल्या समेटाला आम्ही गप्प बसवणं म्हणतो.

डॉ. पायल तडवी यांची आठवण

मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी ही जळगाव जिल्ह्यातली आदिवासी तडवी भिल्ल समाजाची मुलगी. २२ मे २०१९ रोजी तिने आपलं जीवन संपवलं. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे, म्हणून निकाल आपण देणार नाही. पण घरच्यांचं म्हणणं आपण ऐकायला हवं. त्रास होतोय हे काही महिने आधीच विभागातल्या वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं, असं ते सांगतात. पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण इतर लेकरांची तक्रार तरी वेळेवर ऐकली जावी.

एवढी शिकलेली मुलगी, एवढं मोठं रुग्णालय. तिथे तक्रार वेळेत पोचत नसेल, तर ठेक्यावरच्या आपल्या भगिनीचं काय होत असेल? म्हणून पीडित माणसाने लवकर बोलावं, हे निम्मं झालं. ऐकणाऱ्याने लवकर हलावं, हे उरलेलं निम्मं. आणि कुणाच्या बोलण्यात "जगून काय उपयोग" असं येत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही.

अंगाला हात, घाण बोलणं: इथे वाट कायद्याची

१९९२ मध्ये राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथिन म्हणून काम करणाऱ्या बाईवर बालविवाह रोखण्याच्या कामामुळे अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. लोक त्याला पॉश कायदा म्हणतात. आपल्या भगिनींनी एवढं लक्षात ठेवावं:

१० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. ठेक्यावरची, रोजंदारीची, शिकाऊ, सगळ्या बायका या कायद्यात येतात.

१० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपला जिल्हा ठाणे. घरकाम करणाऱ्या बायकांनीही तिथेच जायचं. शहरात तक्रार घेऊन ७ दिवसांत समितीकडे पाठवणारा अधिकारी नेमलेला असावा, असं कायदा म्हणतो. आपल्या महापालिका हद्दीत तो कोण, हे महिला मंडळांनी लेखी विचारून घ्यावं.

तक्रार लेखी, प्रसंगापासून ३ महिन्यांत. सारखं घडत असेल तर शेवटच्या प्रसंगापासून. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची. म्हणूनही "बघू पुढे" म्हणत बसू नका.

या कायद्यातही समेट आहे, पण त्याची किल्ली बाईच्या हाती आहे. तिने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. मालक, ठेकेदार, नवरा, दीर कुणीही तिच्यावर समेट लादू शकत नाही. समेट लिहून घेतला जातो, आणि समोरच्याने तो मोडला तर चौकशी होते. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

भगिनींनो, इथे एक विनंती घरच्यांना. बाई सांगते तेव्हा "तूच काहीतरी केलं असशील", "काम सोड" असं म्हणू नका. काम तिने का सोडायचं? पगार तिचा जातो आणि त्रास देणारा तिथेच राहतो.

जातीवरून बोलले तर

आडनाव विचारून वेगळा कप देणं, "तुमच्या लोकांना" म्हणून टोमणे, जातीचं नाव घेऊन शिवी. याला कुणी "गैरसमज" म्हणत असेल तर ते मान्य करू नका. लोकांसमोर जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. धर्मांतराने हा हक्क गेलेला नाही. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचं संरक्षण आहे. जातीचा दाखला तयार ठेवा. घडलं तेव्हा समोर कोण होतं, त्यांची नावं त्याच दिवशी लिहा, कारण "लोकांसमोर" हा मुद्दा न्यायालयात महत्त्वाचा ठरतो. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तपास सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. पोलीस ठाण्यात चहा पाजून हात मिळवायला लावले, तर नम्रपणे उठा आणि लेखी तक्रारीची पोच मागा.

एक साधी वही

वाद असो की छळ, एक वही करा. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत, समोर कोण होतं, त्या रात्री झोप लागली का, डोकं दुखलं का. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. हजेरी, पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद त्याच वहीत ठेवा. वही कामावर नको, घरी ठेवा. लिहिण्याने मनही थोडं हलकं होतं आणि उद्या पुरावाही होतो.

विहाराने काय करावं

प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवावा. दोन स्त्रिया, एक पुरुष, त्यातलं कुणीतरी कायद्याची माहिती असलेलं. मोठं काही नको. ऐकायला कान, लिहायला वही आणि पोटात गोष्ट ठेवणारी माणसं एवढं पुरे. वाद असेल तर रोहिणीच्या तोडग्याप्रमाणे बसवा. छळ असेल तर सोबत समितीपर्यंत, पोलीस ठाण्यापर्यंत चाला. हे फोन नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा:

महिला मदत: १८१
तातडीची पोलीस मदत: ११२
अत्याचार प्रतिबंध मदत: १४५६६
मोफत कायदेशीर सल्ला: १५१००
मनाच्या त्रासासाठी टेलिमानस: १४४१६

येत्या रविवारी विहारात आलात की शेजारी बसलेल्या ताईला एवढंच विचारा, "कामावर सगळं बरं आहे ना?" आणि मग उत्तर पूर्ण ऐका.

जय भीम.